ज्यांना मत नव्हते त्यांची प्रतिनिधी : मानवी हक्कांच्या संसदीय अभ्यासाची प्रस्तावना

मानवी हक्कांचा अभ्यास करू पाहणारा आपल्याकडचा विद्यार्थी बहुधा जाहीरनाम्यांपासून किंवा निकालपत्रांपासून सुरुवात करतो. १० डिसेंबर १९४८ चा जागतिक जाहीरनामा, आपल्या संविधानाचा तिसरा भाग, केशवानंद भारती, मनेका गांधी अशी ही ठरलेली वाट आहे. या वाटेने गेलेले विद्यार्थी कायद्यात पक्के होतात. पण एका माणसाशी त्यांची गाठच पडत नाही. तो म्हणजे निवडून आलेला आणि माणसांचे हक्क हेच आपले काम मानून वर्षानुवर्षे सभागृहात बसलेला लोकप्रतिनिधी.

याचे कारण उघड आहे. हक्क पायदळी तुडवणारा म्हणून राजकारणी डोळ्यांसमोर येतो. वाचवणारा म्हणून वकील, न्यायाधीश, पत्रकार किंवा कार्यकर्ता. ही समजूत अनुभवातून आलेली आहे, म्हणून तिची टिंगल करू नये. तरीही ती अपुरी आहे. अटकेचे अधिकार पोलिसांना देणारा कायदा सभागृहातच होतो आणि त्याला पहिला विरोध करायची जागाही तीच. तिथे कोण उभे राहिले, काय बोलले, बोलून काय साधले आणि काय साधले नाही, हे तपासायला या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचे मी मनापासून स्वागत करतो. विषय मोठा आहे, काम करणारे हात थोडे आहेत, आणि कायद्याची पदवी नसलेल्यालाही इथे भरपूर करण्यासारखे आहे.

सुरुवातीला एकच कारकीर्द घेऊन ती नीट वाचावी, असे मी सुचवतो. त्यासाठी मी दक्षिण आफ्रिकेच्या हेलन सुझमन यांची निवड केली आहे. त्या १९५३ ते १९८९ अशी सलग छत्तीस वर्षे खासदार होत्या. त्यांतली तेरा वर्षे, १९६१ ते १९७४, त्या आपल्या पक्षाच्या एकमेव खासदार होत्या. इतक्या एकाकी प्रतिनिधीच्या कामात तिचे नेमके काय आणि पक्षाच्या बळाचे काय, हा नेहमीचा गुंता उरत नाही. जे केले ते तिनेच केलेले असते.

त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १९१७ रोजी जोहान्सबर्गजवळच्या जर्मिस्टन या खाणगावात झाला. आईवडील लिथुआनियातून आलेले ज्यू स्थलांतरित. विटवॉटर्सरँड विद्यापीठात त्या वाणिज्य शिकल्या आणि पुढे तिथेच आर्थिक इतिहास शिकवू लागल्या. राजकारणात येण्याआधी त्यांनी केलेले एक काम त्यांच्या चरित्रात लोक भराभर ओलांडून जातात. मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९४६ साली सरकारने शहरांतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रश्नावर फेगन आयोग नेमला. दक्षिण आफ्रिकेच्या वंशसंबंध संस्थेतर्फे त्या आयोगापुढे मांडायची माहिती गोळा करण्यात सुझमन यांचा हात होता. कृष्णवर्णीयांना शहरात राहायला परवाना सक्तीचा करणारे पासचे कायदे, खाणींत राबायला येणारे पुरुष, मागे गावाकडे राहिलेली कुटुंबे, या सगळ्याची आकडेवारी त्यांच्या हाताखालून गेली. अन्यायाविषयी कळवळा अनेकांना असतो. अन्याय मोजायचा कसा, हे त्यांना सभागृहात पाय ठेवण्याआधीच ठाऊक होते.

१९५३ मध्ये त्या जोहान्सबर्गच्या उत्तर भागातल्या हॉटन या सुखवस्तू मतदारसंघातून युनायटेड पक्षातर्फे निवडून आल्या. त्या पक्षाची वर्णभेदाबाबतची कचखाऊ भूमिका सहन न होऊन १९५९ मध्ये काही खासदार बाहेर पडले आणि त्यांनी प्रोग्रेसिव्ह पक्ष काढला. १९६१ च्या निवडणुकीत त्यांतले सगळे पडले. फक्त सुझमन ५६४ मतांनी वाचल्या.

आता १९६३ च्या कायद्याकडे वळू. शार्पव्हिलचा गोळीबार २१ मार्च १९६० रोजी झाला होता. एकोणसत्तर माणसे मेली होती आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेस व पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस या दोन्ही संघटनांवर बंदी आली होती. पुढच्या काळात एकामागून एक कडक कायदे येत गेले. १९६३ च्या कायद्याने पोलिस अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय कोणालाही नव्वद दिवस एकांतात डांबण्याचा अधिकार दिला. वकील नाही, न्यायालय नाही. नव्वद दिवस संपले की पुन्हा नव्वद दिवस ठेवता येत होते. मुख्य विरोधी पक्ष असलेल्या युनायटेड पक्षाने या विधेयकाला पाठिंबा दिला. विरोधात सुझमन एकट्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लुकस्मार्ट एन्गुडले हे या कलमाखाली कोठडीत मरण पावले. कोठडीत मेलेल्यांच्या पुढच्या लांब यादीतले ते पहिले नाव.

एका विरोधी मताने कायदा अडला नाही, मग त्या मताचा उपयोग काय, हा प्रश्न नवा विद्यार्थी विचारतोच आणि त्याने तो विचारावा. पण त्यावर लगेच भावुक उत्तर देऊ नये. एकटीने विरोध केला याचे मोल केवळ तिच्या धैर्यात मोजले तर आपण चरित्र लिहू, अभ्यास होणार नाही. त्या मतामुळे काय शक्य झाले ते पाहायला हवे. विधेयकावर बोलण्याचा हक्क मिळाला, म्हणजे ते पोलिसांच्या हाती काय देते हे कलमवार सांगता आले. ते कामकाजाच्या नोंदीत गेले. पुढे दरवर्षी त्याच नोंदीचा आधार घेऊन मंत्र्याला विचारता आले की या कलमाखाली किती जण धरले, किती सोडले, किती जणांवर खटला भरला, किती मेले.

इथे या विषयाच्या गाभ्याशी आपण येतो. दक्षिण आफ्रिकेत त्या काळी सत्य छापणे धोक्याचे होते. १९५९ च्या तुरुंग कायद्याने तुरुंगांविषयी खोटी माहिती छापणे गुन्हा ठरवले होते आणि माहितीची पुरेशी शहानिशा केली होती हे दाखवण्याची जबाबदारी छापणाऱ्यावरच टाकली होती. १९६५ मध्ये ‘रँड डेली मेल’ने तुरुंगातल्या हालांवर लेखमाला छापली, तेव्हा संपादक लॉरेन्स गँडर आणि वार्ताहर बेंजामिन पोग्रुंड यांच्यावर खटला झाला. मात्र जे संसदेत बोलले गेले ते वर्तमानपत्रांना छापता येत होते. सभागृहातला प्रश्न आणि मंत्र्याचे उत्तर यांना संरक्षण होते. सुझमन यांनी हे ओळखले आणि ते अथकपणे वापरले. पासच्या कायद्याखाली वर्षभरात किती जणांवर खटले भरले? किती जणांना फटके मारले? किती जणांना फाशी दिली? किती कुटुंबांची वस्ती उठवून त्यांना कुठे नेऊन टाकले? उत्तरे सरकारचीच असल्यामुळे ती सरकारला नाकारता येत नव्हती. वंशसंबंध संस्थेच्या वार्षिक अहवालांत ती गेली, परदेशी वर्तमानपत्रांत गेली, संयुक्त राष्ट्रांच्या चर्चेत गेली. असले प्रश्न विचारून तुम्ही देशाची मान खाली घालता, असे एका मंत्र्याने सुनावले, तेव्हा लाज प्रश्नांमुळे येत नाही, तुमच्या उत्तरांमुळे येते, असे त्यांनी उत्तर दिल्याचे प्रसिद्ध आहे. ही हजरजबाबी उक्ती म्हणून सांगितली जाते. मला ती त्यांच्या कार्यपद्धतीची व्याख्या वाटते.

मराठी वाचकाला हा मुद्दा परका वाटू नये. संसदेतल्या कामकाजाचे वृत्त छापणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे १९५६ मध्ये झाला, तो फिरोज गांधी यांच्या खासगी विधेयकामुळे. आणीबाणीत, डिसेंबर १९७५ मध्ये, तो रद्द करण्यात आला. १९७७ मध्ये तो परत आला आणि पुढे चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१-क घालून या संरक्षणाला संविधानातच जागा दिली. हुकूमशाहीच्या मार्गाला लागलेल्या सरकारला हे संरक्षण इतके का खुपावे, हे सुझमन यांची प्रश्नोत्तरे वाचली की नीट कळते. आणीबाणीच्या त्या एकवीस महिन्यांत आपल्या संसदेतले कितीतरी विरोधी सदस्य तुरुंगात होते. मधू दंडवते यांना तर संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेलेले असताना पकडले. मृणाल गोरे आधी भूमिगत राहिल्या आणि पकडल्यावर त्यांना मिळालेली वागणूक महाराष्ट्राला माहीत आहे. आणीबाणीवरची आपली पुस्तके तुरुंगातल्या आठवणींनी श्रीमंत आहेत. त्याच महिन्यांत सभागृहात उरलेल्यांनी काय विचारले, काय छापू दिले गेले नाही, यावर मात्र फारच कमी लिहिले गेले आहे.

प्रश्नांइतकेच महत्त्वाचे दुसरे साधन म्हणजे जाऊन पाहणे. खासदार म्हणून सुझमन तुरुंगांत प्रवेश मागत राहिल्या आणि १९६७ मध्ये त्या रॉबेन बेटावर पोहोचल्या. आधीच्या कोठड्यांतल्या कैद्यांनी त्यांना सांगितले की आमच्या वतीने पलीकडच्या टोकाचे मंडेला बोलतील. तुरुंगाचे वरिष्ठ अधिकारी शेजारी उभे असताना नेल्सन मंडेला यांनी आपल्या तक्रारी एकेक करून मांडल्या : अन्न, कपडे, अभ्यासाची सोय, वर्तमानपत्रे, आणि हातावर नाझींचे स्वस्तिक गोंदवून घेतलेल्या एका रखवालदाराचा छळ. सुझमन यांनी हे प्रकरण वर नेले आणि थोड्याच काळात त्या रखवालदाराची बदली झाली. मंडेला यांनी आत्मचरित्रात या भेटीविषयी आदराने लिहिले आहे.

या भेटीने वर्णभेदाचा एक दगडही हलला नाही. पण बेटावर खडी फोडणाऱ्या माणसांसाठी त्या रखवालदाराची बदली म्हणजे रोजच्या जगण्यातला बदल होता. आणि बाहेरचे कोणीतरी आपल्याला पाहून गेले आहे, ते पुन्हा येईल, हे तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनाही कळले होते. हक्कांच्या इतिहासात आपण मोठे कायदे, मोठे दिवस मोजतो. रखवालदाराच्या बदलीसाठी आपल्या मोजणीत रकानाच नसतो. तो असायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

याच बेटावर पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसचे नेते रॉबर्ट सोबुक्वे होते. पासविरोधी आंदोलनाबद्दल झालेली तीन वर्षांची शिक्षा त्यांनी १९६३ मध्ये पुरी केली. सुटकेची वेळ आली तेव्हा त्याच वर्षीच्या कायद्यात एक कलम घालण्यात आले, ज्याने शिक्षा संपलेल्या माणसालाही डांबून ठेवता येईल. व्यवहारात ते एकट्या सोबुक्वेंसाठीच वापरले गेले. त्यांना इतर कैद्यांपासून दूर, एका वेगळ्या घरात ठेवले. कलमाची मुदत संसदेला दरवर्षी वाढवावी लागे, आणि दरवर्षी ते सभागृहापुढे आले की सुझमन उभ्या राहत. १९६९ मध्ये सोबुक्वे बेटावरून सुटले, पण किंबर्लीत नजरकैदेसारख्या निर्बंधांत राहिले आणि १९७८ मध्ये तिथेच वारले. एका माणसाला अडकवण्यासाठी कायदा वाकवला जातो, तेव्हा त्याचे नाव सहा वर्षे सभागृहात घेत राहणे म्हणजे काय, हे समजून घ्यायला या वार्षिक चर्चा क्रमाने वाचाव्यात. मंत्र्यांचे शब्द वर्षागणिक कसे निबर होत जातात तेही त्यांत दिसते.

प्रतिनिधित्वाची आपली नेहमीची कल्पना इथे तोकडी पडते. सुझमन यांना मते दिली हॉटनच्या गोऱ्या मतदारांनी. पत्रे मात्र देशभरातून येत, आणि लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना कोणालाच मत देण्याचा अधिकार नव्हता. नवऱ्याजवळ शहरात राहायला पास मिळत नाही म्हणून बाई लिहायची, मुलगा कुठे नेला ते कळत नाही म्हणून बाप लिहायचा. केप टाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या मिश्र वस्तीला सरकारने फेब्रुवारी १९६६ मध्ये गोऱ्यांचा विभाग म्हणून जाहीर केले. केप टाऊनमध्ये रत्नागिरी-रायगडाकडून दोन-तीन पिढ्यांपूर्वी गेलेली कोकणी मुस्लिम कुटुंबे होती. वंशानुसार वस्त्या ठरवणाऱ्या समूह क्षेत्र कायद्याची टांगती तलवार त्यांच्या दुकानांवर आणि घरांवरही होती. या लोकांच्या वतीने बोलायला त्या संसदेत त्यांचा माणूस नव्हता आणि असू शकत नव्हता.

आता या कारकिर्दीची दुसरी बाजू. ती टाळून जो सुझमन यांच्यावर लिहील त्याचे लिखाण मी गौरवग्रंथातच ठेवीन. ज्या सभागृहात बहुसंख्य जनतेला जागा नाही, तिथे बसणे म्हणजे त्याला मान्यता देणे नव्हे काय? १९६८ मध्ये सरकारने वेगवेगळ्या वंशांच्या लोकांना एका पक्षात राहण्यास बंदी करणारा कायदा केला. ॲलन पेटन यांच्या लिबरल पक्षाने गोऱ्यांपुरता पक्ष म्हणून जगण्यापेक्षा विसर्जित होणे पसंत केले. प्रोग्रेसिव्ह पक्षाने कायद्याला विरोध केला, पण तो झाल्यावर गोऱ्यांचा पक्ष म्हणून काम चालू ठेवले. दोन्ही पक्षांतली माणसे प्रामाणिक होती. काम चालू ठेवण्याच्या निर्णयामुळेच सुझमन पुढची वीस वर्षे प्रश्न विचारू शकल्या आणि त्याच निर्णयामुळे अनेक कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांच्या मनात त्यांच्याविषयी कायमची अढी राहिली. त्यांचा पक्ष सुरुवातीला शिक्षण-मालमत्तेच्या अटींवरचा मताधिकार मागत होता. सर्वांना विनाअट मताधिकार ही भूमिका १९७८ मध्ये आली. पक्षाला हॅरी ओपनहायमर या खाणसम्राटाचे पाठबळ होते. ज्या स्थलांतरित मजुरीच्या व्यवस्थेचा अभ्यास करून सुझमन राजकारणात आल्या, ती खाणींनीच पोसलेली होती. आणि १९८० च्या दशकात आर्थिक निर्बंधांना त्यांनी विरोध केला. पहिला मार गरीब कृष्णवर्णीयांनाच बसेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. आर्चबिशप डेस्मंड टूटू आणि देशाबाहेरून काम करणारी वर्णभेदविरोधी चळवळ निर्बंध मागत होती. माझ्या मते या वादात सुझमन चुकल्या. निर्बंधांनी सरकारची कोंडी झाली आणि ज्यांच्या वतीने त्या बोलत होत्या त्यांच्या मोठ्या नेत्यांना तेच हवे होते.

तरी १९६८ चा निर्णय मला चुकीचा म्हणवत नाही. पेटन यांचा मार्ग अधिक स्वच्छ होता. पण सोबुक्वेंचे नाव दरवर्षी घ्यायला सभागृहात कोणीतरी लागत होते. या दोन विधानांचा मेळ घालण्याची घाई अभ्यासकाने करू नये. मंडेलांना दोन्ही ठाऊक होते. १० डिसेंबर १९९६ रोजी त्यांनी शार्पव्हिलमध्ये नव्या संविधानावर सही केली तेव्हा सुझमन तिथे हजर होत्या. त्याआधी १९९४ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी नेमलेल्या स्वतंत्र निवडणूक आयोगावर त्यांनी काम केले होते आणि नंतर नव्या देशाच्या मानवी हक्क आयोगावरही. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार त्यांना १९७८ मध्येच मिळाला होता. १ जानेवारी २००९ रोजी, एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या.

महाराष्ट्रात या अभ्यासासाठी सामग्री कमी नाही. मृणाल गोरे यांचे नाव आपण पाण्याच्या हंड्यांशी आणि लाटणे मोर्चाशी जोडतो, ते योग्यच आहे. पण गोरेगावच्या ग्रामपंचायतीपासून मुंबई महापालिका, विधानसभा, लोकसभा आणि पुन्हा विधानसभा असा त्यांचा प्रवास संसदीय साधनांच्या वापराच्या दृष्टीने कोणी सलग वाचला आहे का? गर्भलिंगनिदानाविरुद्ध चळवळ उभी राहत असताना त्यांनी विधानसभेत खासगी विधेयक आणले, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला या विषयावरचा पहिला कायदा केला. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. चळवळीची पत्रके, डॉक्टरांचा विरोध, विधेयकावरची चर्चा आणि सरकारी कायद्यात काय गाळले गेले, हे सगळे शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना ही नावे आपण बातम्यांत रोज ऐकतो. त्यांतल्या कोणत्या साधनाने कोठडीतल्या माणसाला काय मिळाले, हा हिशेब मांडलेला नाही.

काम कसे सुरू करावे, याबद्दल एवढेच सांगतो. भाषणांनी सुरुवात करू नका. भाषणे चांगली असतात आणि वाचकाला आपल्या बाजूला ओढतात. आधी प्रश्न वाचा, मग मंत्र्याचे उत्तर, मग पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा का विचारावा लागला ते पाहा. उत्तरात जे गाव, जो तुरुंग, जे कलम येते, तिथपर्यंत जा. सुझमन यांची कागदपत्रे विटवॉटर्सरँड विद्यापीठात जपून ठेवली आहेत. लोकसभेच्या चर्चा आता घरबसल्या वाचता येतात. आपल्या विधानमंडळाचे कार्यवृत्त मुंबईत आहे आणि त्यात मराठीत बोललेले मराठीतच नोंदलेले आहे, ही तर आपली खास सोय.

आणि पहिला विषय हवा असेल तर एक सुचवतो. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलिस चौकीत १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चौघा कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ते निकालपत्र आणि ते पत्र प्रत्येक वर्गात वाचले जाते. त्यानंतर १९८० मध्ये विधेयक आले, संयुक्त समितीकडे गेले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या तीन वर्षांत समितीपुढे कोण आले, कोणत्या सदस्याने काय विचारले, कोठडीतल्या बलात्काराबाबत पुराव्याचा भार फिरवण्याला कोणी कसा विरोध केला, आणि देसाईगंज ज्या मतदारसंघात येते तिथल्या प्रतिनिधींनी या काळात काय केले, याचे सलग वाचन मराठीत व्हायला हवे.